तुरुंग फोडणारे आणि न फोडणारे

परवा रात्री 'ब्रूट फोर्स' पाहिला. १९४७ चा, कृष्णधवल, ज्यूल्स डॅसिनने दिग्दर्शित केलेला. जुन्या अमेरिकन गुन्हेगारीपटांचं वेड असलेल्यांनी तो नक्की पाहिला असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात: वेस्टगेट नावाचा तुरुंग, एका कोठडीत कोंबलेले काही कैदी, त्यांचा म्होरक्या बर्ट लँकेस्टर, आणि कॅप्टन मन्सी नावाचा हळू आवाजात बोलणारा अधिकारी. हा मन्सी ग्रामोफोनवर वाग्नर लावून कैद्याला रबरी नळीने बडवतो. ते दृश्य पाहून झोप उडाली, खरं सांगतो.

कैदी पळायचा बेत करतात आणि बेत फुटतो. फुटला आहे हे कळूनही ते निघतातच. (शेवट सांगत नाही, पण हसत उठाल अशी आशा ठेवू नका.) दिग्दर्शकाचं म्हणणं स्पष्ट आहे: तुरुंगातून कुणी सुटत नसतं.

मला मात्र सारखी सांगली आठवत होती.

२४ जुलै १९४३, भर दुपार. सांगली संस्थानचा तुरुंग गणेशदुर्ग या भुईकोट किल्ल्यात होता, भोवती खंदक. 'चले जाव'च्या काळात भूमिगत राहून पोलिसांना हैराण करणारे वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तिथे कैदेत होते. त्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावर चढले आणि खंदकात उड्या टाकल्या. दिवस पावसाळ्याचे, कृष्णा भरून वाहत होती, मागे पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळ्यांना बळी पडले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पकडले गेले.

म्हणजे हिशेब मांडला तर हाही बेत फसलाच. सिनेमासारखाच. पण सांगलीकडे आजही ही गोष्ट फसलेल्या बेताची म्हणून कुणी सांगत नाही. दादा १९४६ साली सुटले, १९७७ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आणि ती उडी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. पत्रावळे आणि जाधव ही नावं मात्र आमच्या नांदेड-लातूरकडे किती जणांना माहीत असतील? सिनेमात निदान मेलेल्या प्रत्येकाची कहाणी तरी सांगितली आहे, कुणाची बायको आजारी, कुणाला फर कोट आणायचा होता वगैरे.

पण मला अडवणारा प्रश्न वेगळाच आहे. आपल्याकडे तुरुंगात जाणं ही लाजेची गोष्ट उरलेलीच नव्हती. सत्याग्रही आधी जाहीर करायचा, मग ठरल्या वेळी कायदा मोडायचा आणि स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन व्हायचा. ज्या दारातून आपण होऊन आत गेलो, त्या दारातून पळायचं कशाला? नोव्हेंबर १९४२ मध्ये, दिवाळीच्या रात्री, जयप्रकाश नारायण पाच साथीदारांसह हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून गेले, धोतरांना गाठी मारून. देश खूष झाला. गांधीजींना मात्र लपूनछपून काम करणं पसंत नव्हतं. १९४४ साली सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे बाहेर येण्याचाच सल्ला दिला.

आमच्या मराठवाड्याने पहिला रस्ता धरला होता. २४ ऑक्टोबर १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला आणि निजामाचे तुरुंग भरू लागले. स्वामी रामानंद तीर्थ (नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे तेच) एकदा नव्हे, अनेकदा आत गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश झेंडे लावत होता, त्या दिवशी स्वामीजींना हैदराबादेत अटक झाली. मध्ये थोडे दिवस सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत, ते पोलीस अॅक्शनपर्यंत. स्वामीजींनी भिंतीवरून उडी मारली नाही.

बाहेर मात्र चित्र निराळं होतं. रझाकारांच्या जाचाने गावंच्या गावं सीमेपलीकडे गेली. नांदेडकडच्या लोकांचा कँप उमरखेडला, लातूर-उस्मानाबादकडच्यांचे बार्शीच्या बाजूला. तिथल्या पोरांच्या हातात बंदुका होत्या. ३० जानेवारी १९४८ ला त्यांनी उमरीची बँक लुटली आणि आलेल्या पैशाचा हिशेब ठेवला! नेता आत संन्याशाच्या शिस्तीत, कार्यकर्ते बाहेर शस्त्रं घेऊन, आणि लढा एकच. मला यात विसंगती वाटत नाही. आत बसलेल्या माणसामुळे बाहेरच्यांना धीर होता, आणि बाहेरचे लढत होते म्हणून आतल्याचा तुरुंगवास फुकट जात नव्हता. वसंतदादा हैदराबाद संस्थानात असते तर ते उमरखेडच्या कँपात सापडले असते, एवढं मी पैजेवर सांगतो.

आणि गंमत पहा. हैदराबादच्या या सगळ्या प्रकरणात जो खरा सिनेमात शोभेलसा पळाला, तो स्वातंत्र्यसैनिक नव्हताच! निजामाचा पंतप्रधान मीर लायक अली पोलीस अॅक्शननंतर बेगमपेठेत नजरकैदेत होता. १९५० च्या मार्चमध्ये घरात आजारी पडल्याचं सोंग आणि पडदे लावलेली गाडी एवढ्या भांडवलावर तो निसटला आणि थेट कराचीला पोचला. पहारेकऱ्यांना पत्ता लागेपर्यंत पाखरू उडालेलं. स्वामीजींना आत ठेवणाऱ्या सरकारचा हा प्रमुख!

त्याचा जोडीदार कासीम रझवी, रझाकारांचा पुढारी, आमच्या लातूरचा वकील. त्याला असलं काही जमलं नाही. तो येरवड्यात राहिला, शिक्षा भोगली, आणि १९५७ मध्ये पाकिस्तानात जायच्या अटीवर सुटला. जाताना कुणी त्याच्यामागे धावलं नाही.