‘किंवा’ या शब्दाचा इतिहास

‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांना व्याकरणकार अव्ययांच्या रांगेत बसवून मोकळे होतात. वेतनकरारावर सही करणाऱ्यास मात्र त्यांची किंमत ठाऊक असते.

त्यांना बीजगणितात आणले जॉर्ज बूल याने. इंग्लंडातील लिंकन येथील जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा १८१५ साली जन्मला, सोळाव्या वर्षी घरासाठी मास्तरकी करू लागला आणि पदवीवाचून १८४९ साली आयर्लंडात कॉर्क येथे प्राध्यापक झाला. दुकानांतील नोकरांचे तास कमी व्हावेत म्हणून झटणाऱ्या लिंकनच्या संस्थेपुढे १८४७ साली त्याने फुरसतीच्या सदुपयोगावर व्याख्यान दिले. तर्काच्या गणितावरचे त्याचे पहिले पुस्तक त्याच वर्षीचे, हे मला विशेष वाटते.

त्याची युक्ती साधी होती. विणकर म्हणजे क्ष, रात्रपाळीवाले म्हणजे य. दोहोंचा गुणाकार म्हणजे रात्रपाळीचे विणकर. हा झाला ‘आणि’. विणकरांतून पुन्हा विणकर निवडले तर विणकरच उरतात, म्हणून क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. ‘नाही’ म्हणजे १ मधून वजाबाकी. ‘किंवा’ म्हणजे बेरीज. पण येथे घोडे अडले. रात्रपाळीचा विणकर दोनदा मोजला जातो! म्हणून बूलने बेरीज परस्परांत न मिसळणाऱ्या गटांपुरतीच ठेवली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६४ साली म्हटले, क्ष अधिक क्ष बरोबर क्षच. एका माणसाचे नाव दोनदा घेतल्याने माणसे दोन होत नाहीत. पत्रव्यवहार झाला, पण बूलने हे मानले नाही, आणि त्याच डिसेंबरात तो वारला. पुढे तर्कशास्त्राने जेव्हन्सचाच ‘किंवा’ पत्करला. माझे मतही त्याच बाजूस. एका करारात ‘रात्रपाळीस किंवा सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्यास भत्ता’ असे कलम होते. सुट्टीच्या रात्री राबलेल्यांना उत्तर मिळाले, ‘तुम्ही दोहोंत बसता, म्हणून एकातही नाही!’

बूलचा समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुरेत जन्मला. ‘आणि’ नाकारला की ‘किंवा’ उरतो, हा नियम त्याच्या नावाने चालतो. १८८५ साली अमेरिकन चार्ल्स पर्सने ‘सर्व’ म्हणजे अनेक ‘आणि’, ‘काही’ म्हणजे अनेक ‘किंवा’ असे धरून त्यांना गुणाकाराची व बेरजेची ग्रीक अक्षरे दिली. आता आपले मराठी वाक्य घ्या : ‘सर्व कामगार हजर नव्हते.’ नकार गुणाकाराबाहेर असेल, तर एक गैरहजर पुरे. आत असेल, तर खाते ओस. वाक्य दोन्ही अर्थ देते. आरोपपत्रात असे वाक्य आले, की मी ‘नाही’ची जागा आधी विचारतो.