बावटा, गोळा आणि डबल बेल

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याच्या वाहतुकीला दोन लोहमार्गांचा शेजार लाभला. दक्षिणेला शेगाववरून जाणारा मुंबई–नागपूर मार्ग. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तो 1867 मध्ये नागपूरपर्यंत नेला. पूर्वेला अकोट, हिवरखेड, वान रोड, धुळघाट असा सातपुड्यात चढणारा अकोला–खंडवा मीटरगेज मार्ग, तो स्वातंत्र्यानंतरचा. वाहतुकीत राबणाऱ्या माणसाला धोका कसा कळवायचा, याची शिस्तबद्ध पद्धत या भागात पहिल्यांदा आली ती रुळांवरून.

ही पद्धत कागदावर कमी आणि हातात जास्त होती. रेल्वेचे नियम इंग्रजीत लिहिलेले असत. देशी भाषांत त्यांचे भाषांतर पुरवण्याची तरतूद होती, पण रुळावरच्या गँगमनला जाडजूड नियमावली वाचून काम करणे शक्यच नव्हते. म्हणून नियमाचे सार खुणांत उतरले. लाल बावटा म्हणजे थांबा, हिरवा स्थिर धरला तर चला, हिरवाच वर-खाली हलवला तर जपून चला. बावटा जवळ नसेल तर दोन्ही हात वर केले की गाडीने थांबायचे. रात्री लाल बत्ती नसेल तर पांढरी बत्तीच शरीरासमोर आडवी जोरजोरात हलवायची. वऱ्हाडी बोलणारा असो की मेळघाटातला कोरकू, या खुणा एका दिवसात शिकता येत, आणि साहित्य हाताशी नसेल तर काय करायचे, याची सोयही त्यांत आधीच केलेली होती. नियम करणाऱ्यांना प्रत्यक्ष कामाची किती जाण होती, ते या एका तपशिलावरून दिसते.

डोळ्यांना दिसणार नाही अशा वेळी कान कामाला येत. एडवर्ड काउपर या इंग्रज अभियंत्याने 1841 मध्ये रुळावर ठेवायचा फटाका काढला. चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हरला इशारा मिळे. भारतीय रेल्वेच्या नियमांत त्याची अंतरे ठरलेली आहेत. मार्गावर अडथळा असेल तर ब्रॉडगेजवर 600 मीटरवर एक फटाका आणि 1200 मीटरवर तीन, मीटरगेजवर 400 मीटरवर एक आणि 800 मीटरवर तीन. तीन फटाके एकमेकांपासून सुमारे दहा मीटरवर. गाडी जितकी जड आणि वेगवान, तितकी ती थांबायला जागा जास्त लागते, हा हिशेब या आकड्यांत आहे. अडथळा सांभाळणाऱ्या माणसाने मात्र आधी रुळावरून तेवढे अंतर धावत जायचे असते.

एकेरी मार्गावर सर्वांत मोठी भीती समोरासमोर येणाऱ्या गाड्यांची. तिच्यावरचा उपाय म्हणजे नील यांचे गोळायंत्र. दोन स्थानकांतली यंत्रे तारेने जोडलेली असत. पुढच्या स्टेशनमास्तरने संमती दिल्याशिवाय मागच्याच्या यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडत नसे, आणि एक गोळा बाहेर असेतो दुसरा निघत नसे. हा गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्यासह ड्रायव्हरच्या हाती दिला जाई. चालत्या गाडीवर कडे झेलताना हाताला मार बसे, ते वेगळेच. पण सूचना पोचली की नाही याबद्दल शंका उरत नसे: गोळा हातात आहे, तर पुढचा मार्ग मोकळा आहे.

रस्त्यावर एवढी पक्की व्यवस्था कधीच झाली नाही. राज्य परिवहनाची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भातली सरकारी बससेवा महाराष्ट्राच्या एसटीत आली. एसटीने मात्र रेल्वेच्या तोडीची एक खूण रुजवली, ती म्हणजे घंटीची दोरी. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गर्दीत अडकलेला कंडक्टर आणि पुढे बसलेला ड्रायव्हर यांच्यात बोलणे अशक्य असताना डबल बेलने गाडी निघते. बस मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो. आगारांच्या भिंतींवर सुरक्षिततेची वाक्ये असतात, जानेवारीत मोहीम होते. तरी ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो तो फलक पाहून नव्हे, घंटी ऐकून.

इशाऱ्यांप्रमाणेच कामाच्या तासांचा प्रश्नही रुळांवर आधी हाताळला गेला. 1930 च्या दुरुस्तीने रेल्वे कायद्यात कामगारांच्या तासांवर मर्यादा आली. रस्त्यावर चालकांच्या तासांना 1939 च्या मोटार वाहन कायद्याने मर्यादा घातली, पण मोटार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा, म्हणजे मोटार वाहतूक कामगार कायदा, यायला 1961 उजाडले. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, पाच तासांच्या सलग कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, गाडीत प्रथमोपचाराचे साहित्य, अशा त्याच्या तरतुदी होत्या. पण कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना लागू होता. तालुक्यातल्या वरवट बकाल किंवा पातुर्ड्याकडून कापूस घेऊन निघणारा एकाच ट्रकचा मालक, किंवा ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरवाला त्याच्या कक्षेबाहेर राहिला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने वाहतूक वाहन चालवण्यासाठी नेमलेल्यांना तेच तास लावले, तरी ते मोजणारे कोणी नव्हते. तिथे संवाद उरला तो क्लीनरच्या हाकेचा आणि ट्रकच्या पाठीवरच्या अक्षरांचा. ‘हॉर्न ओके प्लीज’ हा मागच्याला दिलेला इशारा विनाकारण भोंगे वाजवायला लावतो, म्हणून महाराष्ट्राने 2015 मध्ये व्यापारी वाहनांवर त्याला बंदी घातली.

अकोला–खंडवा मीटरगेज 2017 च्या आरंभी बंद पडला, आणि या भागातला मीटरगेजचा काळ संपला. अकोला–अकोट टप्पा 2022 मध्ये ब्रॉडगेज होऊन सुरू झाला. मेळघाटातील व्याघ्र प्रकल्प टाळण्यासाठी पुढचा मार्ग हिवरखेडनंतर संग्रामपूर तालुक्यातील सोनाळ्यावरून जामोदकडे वळवण्याचे ठरले. मोटार कामगारांचा 1961 चा कायदाही स्वतंत्र राहिला नाही. तो व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये इतर बारा कायद्यांसह विलीन करण्यात आला.