पुसले तरी पुन्हा उगवणारे फोल्डर

माळ्यावरची अडगळ काढताना कोणती वस्तू टाकाऊ आणि कोणती घराच्या आधाराची, हे आधी पाहावे लागते. जुन्या संगणकाचेही तसेच आहे. मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी ही संचालन प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने तिचे पाठबळ थांबवले. तरीही एखाद्या जुन्या यंत्राला जोडलेला म्हणून, किंवा जुनी कागदपत्रे त्यात आहेत म्हणून, असा संगणक कोठे कोठे अजून जपून ठेवलेला असतो. त्यातील हार्ड डिस्क बहुधा २० किंवा ४० जीबीची. जागा संपत आली की नको असलेले फोल्डर पुसण्याचा विचार येतो आणि तेथेच गाडी अडते. काही फोल्डर ‘अॅक्सेस इज डिनाइड’ असे सांगून नकार देतात. काहींतील फाइली पुसल्या, तर त्या क्षणार्धात पुन्हा जागेवर हजर होतात.

या हट्टामागे साधारणपणे तीनपैकी एक कारण असते. फोल्डर कोणत्या तरी आज्ञावलीच्या वापरात असतो, तो पुसण्याची परवानगी वापरकर्त्याला नसते, किंवा त्यावर विंडोजचाच पहारा असतो. कारण ओळखले की उपायही सापडतो. न ओळखता बळजबरी केली, तर संगणक सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते.

पहारा कशासाठी?

विंडोज ९८च्या काळात नव्याने बसवलेली एखादी आज्ञावली विंडोजच्या मूळ फाइलींवर आपल्या फाइली चढवीत असे आणि त्यामुळे दुसऱ्याच आज्ञावली बंद पडत. यावर उपाय म्हणून विंडोज २०००पासून ‘विंडोज फाइल प्रोटेक्शन’ ही व्यवस्था आली. महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती ‘सिस्टीम३२’मधील ‘डीएलएलकॅश’ या अदृश्य फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. मूळ फाइल पुसली वा बदलली गेली, की विंडोज तेथील प्रत आणून पूर्ववत बसवते. प्रत तेथे न सापडल्यास मूळ सीडी मागते. ‘आउटलूक एक्स्प्रेस’ किंवा ‘मूव्ही मेकर’ पुसूनही परत येतात, ते यामुळेच.

‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील ‘झेरॉक्स’ नावाचा फोल्डर हे याचे गमतीदार उदाहरण. त्याच्या पोटात आणखी एक फोल्डर असतो आणि तो चक्क रिकामा असतो. तरीही तो पुसू पाहिल्यास वापरात असल्याचा संदेश येतो, कारण पहाऱ्याच्या यादीत त्याचे नाव आहे. जागा शून्य, उपद्रव शून्य. अशा फोल्डरच्या मागे न लागणे हेच शहाणपण.

रीतसर मार्ग

विंडोजसोबत आलेले घटक ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘अॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’ उघडून ‘अॅड/रिमूव्ह विंडोज कंपोनन्ट्स’ या भागातून काढावेत. खेळ, फॅक्स सेवा, ‘एमएसएन एक्सप्लोरर’ यांसारख्या गोष्टी तेथून खूण काढून हटवता येतात. ‘आउटलूक एक्स्प्रेस’च्या बाबतीत मात्र केवळ शॉर्टकट नाहीसे होतात, मूळ फाइली जागीच राहतात.

फोल्डर वापरात असल्यास संबंधित आज्ञावली बंद करून पाहावी. तरीही न पुसल्यास संगणक पुन्हा सुरू करताना ‘एफ८’ कळ दाबून ‘सेफ मोड’ निवडावा. त्या अवस्थेत मोजक्याच आज्ञावली चालू असल्याने अडकलेला फोल्डर बहुधा मोकळा होतो.

जागा खरी कोठे अडते?

प्रत्येक ड्राइव्हवरील ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हा फोल्डर थेट पुसता येत नाही. संगणक पूर्वस्थितीत नेण्यासाठी लागणारे ‘रिस्टोअर पॉइंट’ त्यात साठतात. मोठ्या डिस्कवर त्यासाठी १२ टक्क्यांपर्यंत जागा राखलेली असते. ४० जीबीच्या डिस्कवर ती ४.८ जीबी होते. ‘डिस्क क्लीनअप’मधील ‘मोअर ऑप्शन्स’ या पानावरून अखेरचा पॉइंट ठेवून बाकीचे काढता येतात. ‘माय कॉम्प्युटर’च्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिस्टीम रिस्टोअर’ या पानावर राखीव जागाही कमी करता येते. ही सुविधा संपूर्ण बंद केल्यास सर्व पॉइंट नष्ट होतात, हे लक्षात ठेवावे.

दुसरा साठा ‘विंडोज’ फोल्डरमध्ये असतो. ‘एनटीअनइन्स्टॉल’ने सुरू होणारे, मागेपुढे डॉलरचे चिन्ह आणि मध्ये ‘केबी’ क्रमांक असलेले अनेक अदृश्य फोल्डर तेथे दिसतात. बसवलेली सुधारणा काढून टाकायची झाल्यास लागणाऱ्या जुन्या फाइली त्यांत असतात. वर्षानुवर्षे सुरळीत चाललेल्या संगणकावर ते पुसण्यास हरकत नाही. मात्र त्यानंतर ती सुधारणा मागे घेता येत नाही.

परवानगी नसेल तर

बंद पडलेल्या संगणकाची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर जुन्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडत नाहीत. एक्सपी प्रोफेशनलमध्ये ‘फोल्डर ऑप्शन्स’च्या ‘व्ह्यू’ पानावरील ‘यूज सिंपल फाइल शेअरिंग’ची खूण काढावी. मग फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’, ‘अॅडव्हान्स्ड’, ‘ओनर’ या क्रमाने जाऊन आपले नाव निवडावे आणि आतील फोल्डरनाही मालकी लागू करण्याची खूण करावी. होम आवृत्तीत ‘सिक्युरिटी’चे पान केवळ ‘सेफ मोड’मध्ये दिसते.

मालकी मिळाली म्हणून लगेच पुसू नये. ‘आउटलूक एक्स्प्रेस’मधील सारा पत्रव्यवहार ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’च्या आत, वापरकर्त्याच्या नावाखाली, ‘लोकल सेटिंग्ज’ या अदृश्य फोल्डरमध्ये दडलेला असतो. ‘माय डॉक्युमेंट्स’ची प्रत काढली म्हणजे सर्व वाचले, असे समजणाऱ्यांची जुनी पत्रे येथेच गमावली जातात.

मराठीत लेखन करणाऱ्यांसाठी आणखी एक फोल्डर मोलाचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांत असंख्य मराठी मजकूर टंकित झाला. हे टंक ‘विंडोज’मधील ‘फॉन्ट्स’ या फोल्डरमध्ये असतात. जुन्या डिस्कवरचा ‘विंडोज’ फोल्डर निरुपयोगी म्हणून पुसला, की त्यासोबत टंकही जातात. मजकुराची फाइल शाबूत राहते, पण पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. घरातील कोणाच्या आठवणी, कविता किंवा संस्थेचे इतिवृत्त अशा टंकांत असेल, तर ‘फॉन्ट्स’ची प्रत आधी वेगळी काढून ठेवावी.

यांना हात लावू नये

‘विंडोज’मधील ‘इन्स्टॉलर’, ‘विनएसएक्सएस’ आणि ‘सर्व्हिसपॅकफाइल्स’ हे फोल्डर मोठे दिसतात, पण पुसायचे नसतात. पहिल्यावाचून बसवलेल्या आज्ञावली दुरुस्त करता वा काढता येत नाहीत, दुसऱ्यावाचून अनेक आज्ञावली उघडतच नाहीत, तर तिसरा पहाऱ्याच्या व्यवस्थेला फाइली पुरवतो. सी ड्राइव्हवर अगदी बाहेर असलेल्या ‘एनटीएलडीआर’, ‘एनटीडिटेक्ट’ आणि ‘बूट’ या छोट्या फाइली तर संगणक सुरू होण्यासाठीच लागतात. ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ ही खूण काम होताच पुन्हा लावावी, ती यासाठीच.

चूक झालीच आणि संगणक सुरू होत असेल, तर ‘रन’च्या चौकटीत ‘एसएफसी’ ही तीन अक्षरे, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि त्याला जोडून ‘स्कॅननाऊ’ हा शब्द इंग्रजीत टंकित करावा. विंडोज सर्व संरक्षित फाइली तपासून बिघडलेल्या पूर्ववत करते. त्यासाठी एक्सपीची मूळ सीडी लागू शकते. कंपनीचे पाठबळ थांबल्यानंतर ती सीडी हाच अशा संगणकाचा शेवटचा आधार उरतो. म्हणूनच अडगळ काढण्याचे काम ती सीडी आणि कागदपत्रांची प्रत हाताशी असल्याची खात्री करूनच सुरू करावे.