आपला संगणक घेऊन या

मॉनिटर पोटाशी धरा. काचेची बाजू अंगाकडे घ्या, कारण सगळं वजन तिथेच असतं. पंधरा इंची पडद्याचा हा डबा बारा-तेरा किलोंचा आहे आणि गाडीपासून शाळेच्या दारापर्यंत तो तुम्हालाच न्यायचा आहे. मग परत येऊन संगणकाची पेटी न्यायची, मग कीबोर्ड, माउस, एक्स्टेंशन बोर्ड, झोपायची पिशवी, आणि घरून दिलेला डबा.

वर्ष १९९४. गाव मालुंग, स्वीडनच्या दालार्ना प्रांतातलं. वस्ती पाच हजारांच्या आसपास. कातडी कमावण्याच्या धंद्यासाठी आणि उन्हाळ्यातल्या नाचगाण्याच्या आठवड्यासाठी हे गाव देशभर माहीत आहे. तुम्ही ज्या शाळेच्या दारात धापा टाकत उभे आहात, तिच्या तळघरात काही वर्गमित्र गेली काही वर्षं आपापले संगणक घेऊन जमतात. आता तळघर पुरेना, म्हणून मेळावा शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये आला आहे. आणि याच वर्षी त्याला नावही मिळालं आहे : ड्रीमहॅक.

आत या. दिवे मालवलेले आहेत, खिडक्यांना कागद चिकटवलेत, त्यामुळे बाहेर दिवस आहे की रात्र, कळत नाही. एरवी जिथे मुलं उकडलेले बटाटे खात बसतात, त्या लांब टेबलांवर आता पडद्यांची रांग आहे. आपल्याकडच्या पंगतीसारखीच मांडणी, फक्त इथे प्रत्येकानं ताट घरून आणलंय. तापलेल्या धुळीचा वास येतो आहे. अमिगा संगणकाच्या ड्राइव्हमध्ये फ्लॉपी सरकवल्यावर होणारी ती करकर चहूबाजूंनी ऐकू येते. एका फ्लॉपीत ८८० किलोबाइट मावतात. कुणाकडे नवं काही आलं असेल तर ते मिळवायचा मार्ग एकच : त्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि रिकामी फ्लॉपी पुढे करायची. इंटरनेट घरोघर पोहोचण्याआधीच्या या दिवसांत माहिती माणसाच्या खिशातून प्रवास करते.

डावीकडे दहा-बारा मुलं एका पडद्याभोवती उभी आहेत. तिथे खेळ चाललेला नाही, ‘डेमो’ चालला आहे. डेमो म्हणजे संगीताच्या तालावर हलणारं चित्र. ते रंगवलेलं किंवा चित्रित केलेलं नसतं, संगणक ते त्या क्षणी गणित करून काढत असतो. काही स्पर्धांत अट असते की सगळा प्रोग्राम ६४ किलोबाइटांत बसला पाहिजे, काहींत अवघ्या ४ किलोबाइटांत. चार किलोबाइट म्हणजे ४०९६ बाइट. तुम्ही आत्तापर्यंत वाचलेला हा मजकूरसुद्धा आज संगणकात साठवायचा म्हटलं तर त्यापेक्षा जास्त जागा घेईल. तेवढ्यात या मुलांनी फिरता गोल, डोंगर आणि सूर बसवले आहेत. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर काम हेच. नुसता खेळ खेळणं वेगळं आणि यंत्राच्या आत काय चाललंय ते समजून त्याच्याकडून अशक्य वाटणारी गोष्ट करून घेणं वेगळं. हा छंद रिकामटेकड्यांचा नव्हता, याचा पुरावा स्वीडनमध्येच आहे. ‘द सायलेंट्स’ नावाच्या डेमो गटातल्या चौघांनी १९९२ मध्ये वेक्शो गावी एक छोटी कंपनी काढली. तिचं नाव डाइस. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, तिचा ‘बॅटलफील्ड १९४२’ जगभर खेळला गेला.

उजवीकडच्या कोपऱ्यात पीसीवाले बसलेत. तुमची जागा तिथे आहे. ‘डूम’ हा खेळ येऊन जेमतेम वर्ष झालंय. तो डिसेंबर १९९३ चा. चार जणांना एकाच वेळी, एकाच भुयारात शिरता येतं, पण त्यासाठी चारही यंत्रं जोडलेली हवीत. जोडणी कशी करतात, ते जरा वाकून बघा.

टेबलाखालून एक काळी केबल गेली आहे, टीव्हीच्या अँटेनाच्या केबलसारखी. प्रत्येक संगणकाच्या मागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा धातूचा तुकडा आहे. टी-चा पाय संगणकात आणि दोन्ही हात दोन बाजूंच्या केबलींत. केबल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी पुढे जाते. रांगेच्या पहिल्या आणि शेवटच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढी एक टोपी लावतात, तिला टर्मिनेटर म्हणतात. आत पन्नास ओहमचा रोध असतो. तो नसला की संदेश टोकावर आपटून उलटा फिरतो, आणि सगळ्या रांगेचा गोंधळ होतो.

आता हे लक्षात घ्या : या केबलीत कुठेही एक सांधा सुटला, तर एकट्या-दुकट्याचं नव्हे, सगळ्यांचं नेटवर्क पडतं. पलीकडचा कुणीतरी उठताना खुर्चीत पाय अडकवतो, आणि हॉलच्या त्या कोपऱ्यातून एकच आरोळी उठते. खेळ थांबतात. कोण हलला? कुठे सुटलं? तुम्ही टॉर्च दातांत धरून टेबलाखाली रांगता. समोरून दुसरा एक मुलगा रांगत येतो. त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही, पण दोघंही एकेक सांधा चाचपत पुढे सरकता. सापडतो. आत दाबून पाव वळसा द्यायचा, की ‘टक्’ असा आवाज येतो. वरून जल्लोष ऐकू येतो. त्या क्षणी तुमची ओळख झालेली असते. पुढच्या दोन दिवसांत तो तुम्हाला चार वेळा हरवेल आणि तुमचा साउंड कार्डचा घोळही सोडवून देईल.

मग वीज जाते. फ्यूज. सोळा अँपियरच्या एका लाइनीवर पंधरा-वीस यंत्रं लावली की हे व्हायचंच. कुणाची केबल कुठून काढायची, याचा हिशेब वहीच्या कागदावर मांडला जातो. पुढे हजारो लोकांचा मेळावा चालवणाऱ्यांचं शिक्षण या अशा कागदांवर झालेलं आहे.

ड्रीमहॅक उभा करणाऱ्यांत मार्टिन ओयेस आणि केनी एक्लुंड ही दोन नावं पुढे घेतली गेली. ती घ्यायलाच हवीत. पण मी त्यांच्या बरोबरीनं त्या शाळेलाही श्रेय देतो. मुलांवर विश्वास टाकून आधी तळघर आणि मग जेवणाचा हॉल तिनं दिला. ते दार बंद राहिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तीन वर्षं पुढे या. १९९७, बोर्लेंगे. प्रांत तोच, पण छप्पर आता कुपोलेन नावाच्या घुमटाकार रिंगणाचं. उत्तर युरोपात असे मेळावे तोवर रुजले होते. डेन्मार्कमध्ये १९९१ पासून ‘द पार्टी’, नॉर्वेत १९९२ पासून दर ईस्टरला ‘द गॅदरिंग’, फिनलंडमध्ये ‘असेंब्ली’. बोर्लेंगेचा मेळावा बघता बघता स्वीडनमधला सर्वांत मोठा झाला. काळी केबल गेली आणि टेलिफोनच्या वायरीसारखी, प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी देणारी आली. आता एकाची सुटली तर एकाचीच सुटते. सोय झाली. टेबलाखाली रांगणारा तो मुलगा मात्र आता भेटत नाही.

एवढे संगणक या लहानशा देशात आले कुठून, असं तुम्हाला वाटेल. १९९८ च्या जानेवारीपासून स्वीडन सरकारनं करसवलतीची एक योजना लागू केली. कंपनीनं घाऊक संगणक घ्यायचे, ते कर्मचाऱ्यांना भाड्यानं द्यायचे आणि हप्ता पगारातून कर लागण्याआधीच वळता करायचा. त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराच्या घरातही बऱ्यापैकी ताकदीचा संगणक आला, आणि शाळेतून आल्यावर तो मुलांच्या ताब्यात गेला. कराच्या एका तरतुदीनं पिढी घडवली, असं म्हणणं मला अतिशयोक्तीचं वाटत नाही.

२००१. आता दक्षिणेकडे, वेट्टर्न सरोवराच्या टोकावरच्या शहरात. लिहिलेलं नाव पाहून आपण जोनकोपिंग वाचू, तिथली माणसं म्हणतात ‘योन्शोपिंग’. हे गाव आगकाडीचं आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या कारखान्यातल्या सुरक्षित आगपेट्या जगभर गेल्या. त्या धंद्यातून पुढे उभ्या राहिलेल्या स्वीडिश मॅच कंपनीनं १९२३ मध्ये आपल्याकडे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली, म्हणजेच विम्को. अंबरनाथच्या वाचकांना ‘विम्को नाका’ कुठे, हे सांगायला नको. त्या नावाचं मूळ शोधत गेलात तर या सरोवरापाशी येऊन पोहोचाल.

एल्मिया हे इथलं प्रदर्शन केंद्र, मेळावा आता तिथे आला. २००२ पासून मेळावा वर्षातून दोनदा होऊ लागला, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात. तुम्ही २००७ च्या हिवाळ्यात उतरा. दुपारी साडेतीनलाच अंधारून आलंय. दाराशी गाड्यांची रांग आहे, आई-वडील सामान उतरवून देताहेत. आत पाऊल टाकलंत की नजर पोहोचेल तिथवर पडदेच पडदे. दहा हजारांहून अधिक संगणक एका नेटवर्कवर : गिनीज बुकानं जगातला सर्वांत मोठा लॅन मेळावा (लॅन म्हणजे एकाच जागेतलं नेटवर्क) म्हणून याची नोंद घेतली. प्रत्येक यंत्राचे अडीचशे वॅट धरा, नुसत्या टेबलांवर पंचवीस लाख वॅट जळताहेत. त्या वहीच्या कागदावरचा हिशेब कुठवर आला!

हे चालवणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. गणेशोत्सवात मांडवाखाली रात्र काढलेल्या कुणालाही ही माणसं लगेच ओळखू येतील : खांद्यावर केबलीचं वेटोळं, डोळ्यांत झोप, हातात वॉकीटॉकी, आणि ‘कुठे अडलंय?’ हा एकच प्रश्न. रात्री तीन वाजता रांगांमधून फिरा. कुणी ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळतोय, कुणी शेजाऱ्याच्या पडद्यावरचा सिनेमा बघत झोपलाय, एक मुलगी चित्र काढते आहे. घरी बसूनही एकमेकांशी खेळता येईल इतकं जलद इंटरनेट या सगळ्यांकडे आहे. तरीही ते ओझं उचलून इथवर आले. शत्रूला टिपल्यावर चार खुर्च्या पलीकडून आलेली खरी आरोळी ऐकायला ते आलेत.

२०१३ चा नोव्हेंबर. जागा तीच, पण आज रांगा ओस पडल्यात आणि गर्दी रंगमंचासमोर आहे. ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ची पहिली ‘मेजर’ स्पर्धा, बक्षीस अडीच लाख डॉलर. ही रक्कम खेळाडूंनी खेळातल्या शोभेच्या पेट्या उघडायला मोजलेल्या पैशांतून उभी राहिली. अंतिम फेरीत दोन स्वीडिश संघ : निंजाज इन पायजमाज आणि फनॅटिक. निंजाजनी आधी समोरासमोरच्या स्पर्धांत सलग ८७ नकाशे, म्हणजे एकेका मैदानावरचे डाव, जिंकले होते. तो दबदबा अजून हवेत आहे, पण फनॅटिक २-१ नं जिंकतो. तुम्हीही ओरडता. मग मागे वळून त्या रिकाम्या रांगांकडे बघता. पंगतीतली माणसं उठून प्रेक्षकांत येऊन बसली आहेत. रंगमंचाचं तेज मला मान्य आहे, पण तिकडे पाहणाऱ्याला टॉर्च दातांत धरावी लागत नाही.

पुढचं झपाट्यानं झालं. २०१५ मध्ये एका स्वीडिश माध्यम समूहानं ड्रीमहॅक विकत घेतला. २०२० मध्ये, महासाथीत हॉल बंद असताना, तो ईएसएल या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीत मिसळला. २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सॅव्ही या कंपनीनं ईएसएल आणि फेसइट या दोन्ही कंपन्या मिळून दीड अब्ज डॉलरला घेतल्या. शाळेच्या जेवणाच्या हॉलपासून इथवर अठ्ठावीस वर्षं.

त्याआधीचा एक थांबा मुद्दाम राखून ठेवला होता. डिसेंबर २०१८, गोरेगाव, नेस्कोचा हॉल. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून रिक्षा आत वळते आणि समोर तेच नाव दिसतं : ड्रीमहॅक, मुंबई. भारतातला पहिला, तीन दिवसांचा. गर्दी उत्साही आहे, पोरं कल्याण-डोंबिवलीहून लोकलनं आलीत. त्यांच्यात तुम्ही उभे राहा आणि एक फरक ध्यानात घ्या. आपल्याकडे हा खेळ शिकवला तो सायबर कॅफेनं. तासाचे पैसे मोजायचे, मालकाच्या यंत्रावर बसायचं, वेळ संपली की उठायचं. मित्र भेटले, ईर्ष्या पेटली, रात्री जागल्या, हे सगळं तिथे होतं आणि मनापासून होतं. पण पेटी उघडायची मुभा नव्हती, केबल काढून पुन्हा जोडायची तर नाहीच. मालुंगच्या मुलाकडे स्वतःचं यंत्र होतं, आणि ते बिघडवण्याचा हक्कही होता.

आज आपल्या कितीतरी शाळांत संगणक कक्ष आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला कुलूप असतं. तुमच्या ओळखीचे कुणी मुख्याध्यापक असतील, शाळा समितीवर कुणी असेल, तर त्यांच्याकडे एवढं मागून बघा : मे महिन्यातले तीन दिवस, त्या खोलीची किल्ली, आणि रात्री मुलांसोबत थांबायला तयार असलेले दोन पालक. दुसरे पालक तुम्ही व्हा.