कंडक्टरच्या पिशवीतून जतला आलेला वेताळ

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं. छापणारे टाइम्स ऑफ इंडियावाले, किंमत ६० पैसे, आणि पहिल्या अंकापासून नायक एकच: ली फॉकचा फँटम. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १९३६ पासून चालू असलेला हा मुखवटेवाला मराठीत वेताळ झाला. पुढं जादूगार मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. पण मला सांगायचंय ते मुंबईतल्या छापखान्याबद्दल नाही. हे अंक जतसारख्या कोरड्या तालुक्याच्या गावी कसे पोचले, कसे वाचले गेले आणि कुठं गेले, ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

जत रोड हे स्टेशन नावालाच जतचं. मिरज-पंढरपूरच्या तेव्हाच्या नॅरोगेजवरचं, गावापासून लांब. त्यामुळं छापील कागद यायचा तो एसटीनं. आमचे अण्णा जत-सांगली गाडीवर कंडक्टर. सांगलीच्या स्टँडवर गाडी लागली की परतीच्या वेळेआधी ते बुकस्टॉलवर चक्कर मारत, आणि नवा अंक दिसला तर तिकिटांच्या पेटीशेजारी, चामडी पिशवीत सरकवत. रात्री हिशेबाची चिल्लर मोजून झाली की अंक माझ्या हातात येई. त्यांची अट एकच असायची. "वाच, पण दडवून ठिवू नगंस. गल्लीत फिरू दे."

अंक गल्लीत फिरायचा. आधी शेजारच्या वाड्यात, मग पिठाच्या गिरणीत, मग न्हाव्याच्या दुकानात बाकड्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठी पोरं ओट्यावर सुतळी ताणून तिच्यावर अंक टांगत. तिथंच बसून वाचायला पाच पैसे, घरी न्यायला दहा. मुखपृष्ठ फाटलं की खळीनं वर्तमानपत्राचा कागद चिकटवला जाई आणि त्यावर शाईच्या पेनानं नाव लिहिलं जाई. १९७२ च्या दुष्काळात गल्लीतली निम्मी घरं खडी फोडायला जात होती. कामावर नेलेली धाकटी भावंडं सांभाळत पोरं बाभळीखाली बसत, आणि त्यांच्या हातात हेच अंक असत. सुकडी खाता खाता वाचलेल्या पानांवर तेलकट बोटांचे डाग पडलेले मी पाहिलेत. त्या वर्षी आमच्याकडं दुसरं रंगीत काहीच नव्हतं.

जतची आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या आठवणींत सापडणार नाही. आमच्या पूर्व भागात, संख-उमदीकडं, घराघरांत कन्नड बोलतात. इंद्रजाल कन्नडातही निघे. उमदीच्या माझ्या वर्गमित्राकडं विजापूरच्या पाहुण्यांनी आणलेले कन्नड अंक असत. एकच गोष्ट दोघांकडं निघाली की आम्ही अंक शेजारी शेजारी मांडत असू. चित्र तेच, फुग्यातली अक्षरं वेगळी. तो मराठी अंकावरून शाळेची मराठी पक्की करी, मी कन्नड अंकावरून अक्षरं लावी. मला आजही कन्नड पाट्या वाचता येतात त्या त्यामुळंच. शाळेनं आम्हा दोघांना एवढं शिकवलं नव्हतं, हे मी मनापासून म्हणतो.

बहादूर मात्र आमच्या अगदी जवळचा वाटला. डाकू बापाचा पोरगा, ज्या पोलीस अधिकाऱ्यानं बापाला मारलं त्यानंच वाढवलेला. अंगात कुर्ता, खाली जीन्स. डाकूंशी लढायला तो गावकऱ्यांचंच दल उभं करतो. गोविंद ब्राह्मणियांनी काढलेले ते चंबळचे उघडे माळ, खुरटी झाडं आणि धूळ बघून आम्हांला आमचाच तालुका दिसे. वेताळाचं जंगल आम्ही कल्पनेनं पाहत होतो, बहादूरचा माळ दारासमोर होता. म्हणून भारतीय चित्रकथांच्या इतिहासात बहादूरला आज मिळते त्यापेक्षा वरची जागा मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीचा मासिक अंक पुढं पाक्षिक झाला, नंतर साप्ताहिक. मग घरोघर दूरदर्शन आलं, आणि १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. तोवर ८०३ अंक निघाले होते. नव्यानं जमवायला लागलेल्यांसाठी सांगतो: १२३ आणि १२४ हे क्रमांक शोधत फिरू नका. टाइम्समधल्या संपामुळं ते अंक निघालेच नाहीत. जुन्या अंकांत वेताळाचा देश 'डेंकाली' आणि चाचे 'सिंगा' दिसतील. मूळ इंग्रजीत ते 'बेंगाली' आणि 'सिंग' होते. इथल्या वाचकांना खटकू नये म्हणून नावं बदलली होती.

आता हे अंक हजारोंना विकले जातात. इंग्रजी सापडतात, कारण ते शहरांतल्या कपाटांत राहिले. मराठी फार थोडे सापडतात. आमच्याकडं अंक जपायचा नव्हता, वाचायचा होता. दहा घरं फिरून आलेला अंक शेवटी रद्दीत गेला, पुस्तकांना कव्हर घालायला गेला किंवा शेंगदाण्याच्या पुडीत गेला. मला त्याचं दुःख आहे, पण ज्यांनी तो असा वापरला त्यांच्याबद्दल राग अजिबात नाही. अंक त्यांच्यासाठीच छापला होता.

उरलेत ते कुठं असतील याचा एक अंदाज आहे. कृष्णाकाठी कागदाला पुराचं भय. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. जतला पाऊसच कमी. हवा कोरडी, ट्रंकेतला कागद पिवळा पडतो पण कुजत नाही. वाळवीपासून वाचला तर पन्नास वर्षं सहज टिकतो. म्हणून जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या लोकांना माझी विनंती आहे. माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. मराठी इंद्रजालचा एखादा अंक निघाला, कव्हर नसलेला का असेना, तर रद्दीवाल्याला देऊ नका. त्यावर कुणाचं नाव लिहिलंय ते पुसू नका. पानांचे फोटो काढून ठेवा आणि अंक गावातल्या वाचनालयात द्या.