पुणे मातृपोषण अभ्यास

पुणे मातृपोषण अभ्यास : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा मधुमेह विभाग आणि इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातील साथरोगशास्त्राचे संशोधन केंद्र यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला दीर्घकालीन अभ्यास. आईचा आहार, तिचे कष्ट, पोटातल्या बाळाची वाढ आणि त्याच बाळाला मोठेपणी होणारा मधुमेह यांचा संबंध शोधणे हा त्याचा हेतू. खर्चाचा मोठा वाटा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने उचलला.

प्रश्न मूळचा इंग्लंडमधला. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदी तपासून दाखवले, की जन्मतः व पहिल्या वर्षी वजन कमी असलेल्या पुरुषांमध्ये पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना वेगळेच कोडे पडले होते : अंगाने किरकोळ माणसांना, तेही कमी वयात, मधुमेह का होतो? दोन्ही बाजूंनी मिळून केईएममध्ये जन्मलेली चार वर्षांची मुले तपासली. जन्मवजन जितके कमी, तितके ग्लुकोज प्यायल्यानंतर अर्ध्या तासाने रक्तातली साखर व इन्सुलिन जास्त, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ही मुले आईच्या पोटात असताना काय घडले होते, हे मागे जाऊन कळणार कसे? त्यासाठी गर्भधारणेच्याही आधीपासून सुरुवात करायला हवी होती.

विद्यापीठाकडे पद्धत होती, पैसा उभा करण्याची ताकद होती. खेड्यातल्या घराचा उंबरठा ओलांडायला मात्र रुग्णालयच हवे. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या केईएमने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. गावात जाऊन काम करण्याची सवय या संस्थेच्या अंगी होती.

आणि काम तसेच नाजूक होते. सहा गावांतल्या अडीच हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद झाली. पाळीची तारीख दर महिन्याला घरी जाऊन विचारायची. पाळी चुकली की सोनोग्राफीने गर्भाचे वय नक्की करायचे. गरोदरपणाच्या अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आईचा आहार, कामे आणि रक्त तपासायचे. बाळ जन्मल्यावर बहात्तर तासांच्या आत त्याची लांबी, डोक्याचा, दंडाचा व पोटाचा घेर आणि कातडीखालच्या चरबीची जाडी मोजायची. सुमारे ८०० गर्भारपणांचा असा मागोवा घेतला गेला. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर होती. पाळीसारखी गोष्ट परक्या माणसाला महिनोन्‌महिने सांगणाऱ्या या बायकांच्या विश्वासावर पुढचे सगळे शास्त्र उभे आहे. निबंधांत त्यांची नावे नसतात, म्हणून नोंदीत हे स्पष्ट लिहायला हवे.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष २००३ मध्ये आला. पुण्याची ६३१ आणि साउदॅम्प्टनची ३३८ बाळे शेजारी ठेवून पाहिली. सरासरी वजन इथे २.७ किलो, तिथे ३.५ किलो. सगळी मापे सारख्या प्रमाणात लहान असतील अशी अपेक्षा होती. तसे नव्हते. पोटातले अवयव आणि स्नायू फार कमी भरले होते. खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. दिसायला बारीक, पण चरबीच्या प्रमाणात लठ्ठ, असे हे बाळ जगभरच्या वैद्यकात ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. वजनकाट्यावर हा फरक दिसत नाही. पुढल्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले : दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

परदेशी विद्यापीठाशी जोडलेल्या कामात नमुने इथून जातात आणि नाव तिकडचे होते, अशी तक्रार पुष्कळदा रास्त असते. इथे मुख्य निबंधांवर पहिले नाव याज्ञिकांचे आहे. साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि आहाराचा भाग सांभाळणाऱ्या, पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील शोभा राव, ही या कामातली आणखी दोन ठळक नावे.

आहाराच्या भागातून निघालेली गोष्ट साधी, पण धोरणाला हात घालणारी आहे. आईने किती कॅलरी वा प्रथिने खाल्ली यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा पोटात गेले, याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध अधिक दिसला. पाणी भरणे, धुणे आणि शेतकाम यांचा भार जास्त, तर बाळ लहान. गावात शेतावर राबणाऱ्या गरोदर बाईला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. विश्रांतीची सोय मात्र दुसऱ्या कुणी तरी करायची आहे.

रक्ततपासणीत दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. फोलेटची कमतरता जवळपास नव्हती. ज्या मातांचे ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ गरोदरपणातल्या लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्या सोडाव्यात असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीसाठी फोलेट लागतेच. प्रश्न जोडीला ब-१२ नसल्याचा आहे.

निरीक्षणावरून प्रयोगाकडे जाणारी पुढची पावले दोन. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ६,५१३ स्त्रियांवर २००६ पासून झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात गर्भधारणेआधीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ देण्यात आला. सर्व बाळांचे सरासरी वजन लक्षणीय वाढले नाही, पण गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण तुलनेच्या गटात १२.४ टक्के, तर हा खाऊ घेणाऱ्यांत ७.३ टक्के होते. दुसरा ‘प्रिया’ प्रयोग २०१२ मध्ये पुण्याच्या त्याच गावांत सुरू झाला. त्यातले सहभागी म्हणजे पहिल्या अभ्यासात मोजलेली बाळेच, आता वयात आलेली. त्यांना आई-बाप होण्याआधीपासून ब-१२ची लहान मात्रा देण्यात आली. ज्या मुलींनी ती घेतली त्यांच्या मुलांचा बौद्धिक व भाषिक विकास दोन वर्षांच्या वयात तपासला, तेव्हा तो सरस आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.