गुडघा सांधेरोपण आणि कंडरेची गुंतागुंत : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
गुडघा सांधेरोपणाचा इतिहास प्रामुख्याने कृत्रिम सांध्याच्या रचनेचा इतिहास म्हणून मांडला जातो. तथापि मांडीच्या स्नायूंचे बळ गुडघ्याच्या वाटीवरील व वाटीखालील कंडरांमार्फत नडगीपर्यंत पोहोचते, तेव्हाच पाय सरळ होतो. यांपैकी एक कंडरा पूर्ण तुटली तरी वृद्ध रुग्णास खुर्चीतून उठणे कठीण होते. या दुर्लक्षित अंगाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सांध्याची वाटचाल :
इ. स. १८९० मध्ये बर्लिन येथे थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसविला. परंतु क्षयग्रस्त सांध्यातील संसर्गामुळे तो प्रयोग टिकला नाही. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरात आणलेल्या रचनेने आधुनिक सांधेरोपणाचा पाया घातला. शस्त्रक्रियांची संख्या वाढली, तशी कंडरेची गुंतागुंतही अभ्यासकांसमोर आली.

गुंतागुंतीचे स्वरूप :
अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९८९ च्या अभ्यासात वाटीखालील कंडरा तुटण्याचे प्रमाण सुमारे ०.१७ टक्के आढळले, तर २००५ च्या अभ्यासात वाटीवरील कंडरेबाबत ते ०.१ टक्का होते. प्रमाण अल्प असले तरी परिणाम गंभीर होते. मधुमेह, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, स्टिरॉइडचा दीर्घ वापर आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया यांमुळे कंडरा दुर्बल होते. ताठर गुडघा शस्त्रक्रियेसाठी बळाने वाकविल्यास ती नडगीपासून सुटू शकते.

उपचारातील स्थित्यंतरे :
वाटीवरील कंडरा अंशतः फाटल्यास पाय स्थिर ठेवून ती बरी होऊ शकते. पूर्ण तुटलेली कंडरा केवळ टाके घालून जोडण्याचे प्रयत्न मात्र अनेकदा निष्फळ ठरले. म्हणून १९९० च्या सुमारास मृत दात्याची कंडरा वापरली जाऊ लागली. आरंभी ती सैल ताणाने बसविली जाई, जेणेकरून गुडघा वाकावा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात सैल बसविलेल्या सर्व कंडरा अपयशी ठरल्या. पाय पूर्ण सरळ ठेवून घट्ट बसविलेल्या टिकल्या. पुढे २०११ मध्ये ब्राउन व हॅन्सन यांनी पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या जाळीचा पर्याय मांडला. दात्यावर अवलंबून नसलेल्या या पद्धतीतही शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे पाय सरळ व स्थिर ठेवावा लागतो.

निष्कर्ष :
धातू आणि प्लास्टिक यांनी झिजलेल्या पृष्ठभागास पर्याय दिला. कंडरेस तितका समर्थ पर्याय अद्याप लाभलेला नाही. या इतिहासातील प्रगती केवळ नव्या साधनांची नाही. गुडघा लवकर वाकविण्याचा आग्रह सोडणे, ही तिची महत्त्वाची पायरी होय. वृद्ध रुग्णाच्या दृष्टीने गुडघा किती अंश वाकतो यापेक्षा तो स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो का, हाच यशाचा खरा निकष ठरतो.